मुलांच्या फुटबॉल सामन्यात रेफरी वेळ कसा मोजतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातले बहुतेक प्रश्न टचलाइनवर (मैदानाच्या बाजूच्या रेषेवर) उभ्या असलेल्या आई-वडिलांचे आहेत. काही कोचचे आहेत, आणि थोडे नुकतीच शिट्टी हातात घेतलेल्या मुलामुलींचे. उत्तरं आयएफएबीच्या नियमावलीला धरून दिली आहेत. फुटबॉलचे नियम जगभरासाठी तीच संस्था ठरवते, आणि वेळेचा नियम त्यात सातव्या क्रमांकावर येतो. मैदानावर प्रत्यक्षात काय चालतं तेही सांगितलं आहे, कारण पुष्कळ भांडणं नियम आणि रिवाज यांच्या मधल्या जागेत होतात.

मुलांचा सामना नक्की किती मिनिटांचा असतो?

मोठ्यांचा ४५-४५ मिनिटांच्या दोन हाफचा, हे सगळ्यांना ठाऊक असतं. मुलांसाठी जगभर लागू असा एक आकडा नाही. वयोगटानुसार वेळ कमी करण्याची मुभा नियमावलीने राष्ट्रीय संघटनांना आणि त्यांच्यामार्फत स्पर्धांना दिलेली आहे. अट एवढीच की दोन्ही हाफ सारखे हवेत. इंग्लंडमध्ये याचा पायऱ्यापायऱ्यांचा तक्ता आहे: ७ आणि ८ वर्षांखालच्या मुलांना २० मिनिटांचा हाफ, ९-१० ला २५, ११-१२ ला ३०, १३-१४ ला ३५, १५-१६ ला ४०, आणि १७-१८ ला पूर्ण ४५.

आपल्याकडे शालेय, जिल्हा आणि क्लब स्पर्धांचं आपापलं नियमपत्रक असतं. त्यामुळे एकाच मुलाला या आठवड्यात २० मिनिटांचा हाफ आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या स्पर्धेत २५ मिनिटांचा, असं होऊ शकतं. पालकांना तो गोंधळ वाटतो. रेफरीसाठी मात्र कामाची सुरुवात तिथूनच होते: मैदानावर पोचल्यावर आयोजकाकडून ते पत्रक घ्यायचं आणि हाफ किती, मध्यंतर किती, वाया गेलेला वेळ भरून द्यायचा की नाही, बरोबरी झाली तर पुढे काय, या चार गोष्टी दोन्ही कोचसमोर मोठ्याने वाचायच्या. दोन मिनिटांचं काम. ते केलं की सामन्यानंतरची निम्मी वादावादी होतच नाही.

सामन्याची वेळ कुणाच्या घड्याळाची धरायची?

रेफरीच्या. पाचव्या नियमानुसार टाइमकीपर तोच असतो. मैदानावरचं मोठं घड्याळ, स्कोअरबोर्ड, आयोजकांच्या टेबलावरचा मोबाइल हे सगळं माहितीपुरतं.

पण माझ्या मोबाइलवर तर वेळ केव्हाच संपली होती!

संपली असेल. तुम्ही स्टॉपवॉच बहुधा शिट्टी वाजली तेव्हा सुरू केलं. सामना शिट्टीने सुरू होत नाही. मध्यबिंदूवरचा चेंडू लाथेने स्पष्टपणे हलला की होतो, आणि अनुभवी रेफरी बटण त्या क्षणी दाबतो. लहान मुलांच्या सामन्यात या दोन क्षणांमध्ये चांगले पाच-सात सेकंद जातात, कारण शिट्टी झाल्यावरही कुणी तरी बुटाची नाडी बांधत असतं.

हा फरक किरकोळ आहे. खरा फरक पडतो तो खेळ थांबलेला असताना. तुमचं घड्याळ तेव्हाही पळत असतं. रेफरी तो वेळ वेगळा मोजत असतो.

रेफरी दोन घड्याळं का घालतो?

एक बंद पडलं तर दुसरं असावं, हे साधं कारण आहेच. पण दोन्ही घड्याळांना वेगवेगळी कामं दिलेली असतात.

सगळ्यात रुळलेली पद्धत अशी. पहिलं घड्याळ किक-ऑफला सुरू करायचं आणि हाफ संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. दुसरं घड्याळही त्याच वेळी सुरू करायचं, पण एखादा मुलगा जखमी झाला किंवा दुसऱ्या कारणाने वेळ जायला लागला की थांबवायचं आणि खेळ सुरू झाला की परत चालू करायचं. दोन्हींतला फरक म्हणजे वाया गेलेला वेळ.

समजा १४ वर्षांखालचा सामना आहे, हाफ ३० मिनिटांचा. पहिल्या घड्याळावर ११ मिनिटं २० सेकंद झाले असताना एका मुलाचा घोटा मुरगळला आणि खेळ पुन्हा सुरू झाला १३ मिनिटं ५ सेकंदांना. म्हणजे १ मिनिट ४५ सेकंद गेले. पुढे बदली खेळाडू आत येण्यात ४० सेकंद गेले. मग सामन्याचा एकुलता एक चेंडू कुंपणापलीकडे गेला, तो आणायला ५० सेकंद. पहिलं घड्याळ ३० मिनिटं दाखवेल तेव्हा दुसऱ्यावर २६ मिनिटं ४५ सेकंद असतील. सव्वातीन मिनिटं द्यायची आहेत. हिशेब डोक्यात ठेवायची गरज नाही, दोन मनगटं पाहिली की झालं.

दुसऱ्या पद्धतीत दुसरं घड्याळ फक्त खेळ थांबलेला असताना चालवतात. त्यावर दिसेल तेवढा वेळ शेवटी द्यायचा. ज्यांना बटणं विसरायची भीती असते त्यांना ही सोपी वाटते. माझं मत विचाराल तर नव्या रेफरीने पहिलीच पद्धत शिकावी. तिच्यात बटण दाबायचं राहिलं तरी पहिलं घड्याळ खरं सांगत असतं आणि अंदाजाने दुरुस्ती करता येते.

शिवाय किक-ऑफची भिंतीवरच्या घड्याळाची वेळ वहीत लिहावी: ‘४.१२ सुरू’. दोन्ही घड्याळं दगा देऊन गेली तरी ही एक ओळ उरते.

चेंडू बाहेर गेला की वेळ थांबतो का?

नाही. थ्रो-इन, गोलकिक, कॉर्नर, साधी फ्री-किक हे सगळं खेळाचाच भाग. चेंडू रेषेबाहेर जाणं, तो उचलणं, टाकणं यात जाणारा नेहमीचा वेळ भरून दिला जात नाही. बास्केटबॉल पाहायची सवय असलेल्यांना हे पटायला वेळ लागतो.

मग कशाचा वेळ भरून देतात?

नियमात यादी आहे: खेळाडू बदलणं, जखमी खेळाडूची तपासणी आणि त्याला बाहेर नेणं, वेळकाढूपणा, कार्ड दाखवणं, पाणी पिण्यासाठी किंवा अंग थंड करण्यासाठी दिलेली विश्रांती, गोलनंतरचा जल्लोष. शेवटी ‘खेळ सुरू व्हायला लक्षणीय उशीर करणारं दुसरं कोणतंही कारण’ अशी मोकळी जागा आहे. मुलांच्या सामन्यात ती फार उपयोगी पडते. मैदानात कुत्रं शिरलं, शेजारच्या क्रिकेटचा चेंडू आणि मागोमाग फिल्डर आला, गोलकीपरला हातमोजा सापडेना: सगळं त्यात बसतं. आझाद मैदानासारख्या ठिकाणी, जिथे एका खेळाची सीमारेषा दुसऱ्या खेळाच्या खेळपट्टीला टेकलेली असते, तिथे हे रोजचं आहे.

हाफच्या शेवटी जाहीर होणारा आकडा किमान असतो. त्यानंतर आणखी वेळ वाया गेला तर रेफरी तो वाढवू शकतो, जाहीर केल्यापेक्षा कमी मात्र करू शकत नाही. टीव्हीवर २०२२ च्या कतार विश्वचषकात इंग्लंड-इराण सामन्याच्या पहिल्या हाफला १४ मिनिटं जोडलेली अनेकांना आठवत असतील. इराणच्या गोलकीपरच्या डोक्याला लागल्यामुळे खेळ बराच वेळ थांबला होता. नियम तोच, फक्त तो काटेकोर लावला गेला. शाळेच्या सामन्यात इलेक्ट्रॉनिक बोर्ड नसतो. रेफरी हात वर करून बोटं दाखवतो, तेच जाहीर करणं.

आमच्या स्पर्धेत मुलगा तीन मिनिटं पडून होता, तरी रेफरीने एक सेकंदही वाढवला नाही. हे कसं?

बहुधा स्पर्धेचा नियम तसा होता. एका मैदानावर सकाळपासून संध्याकाळपर्यंत ओळीने सामने लावलेले असतात. प्रत्येक सामना चार मिनिटं लांबला तर दहावा सामना छत्तीस मिनिटं उशिरा सुरू होतो आणि शेवटची पोरं अंधारात खेळतात. म्हणून आयोजक ‘रनिंग टाइम’ लावतात: घड्याळ सुरू झालं की थांबवायचं नाही, हाफ संपला की शिट्टी. काही ठिकाणी गंभीर दुखापत तेवढी अपवाद असते.

मला हा नियम फारसा आवडत नाही. यात आघाडीवर असलेल्या संघाला रेंगाळण्याचं बक्षीस मिळतं, आणि दहा-बारा वर्षांची मुलं ते चटकन शिकतात. पण तो आयोजकांनी ठरवायचा मामला आहे. रेफरीने मैदानावर आपल्या मनाने त्यात बदल करू नये. तक्रार असेल तर ती स्पर्धा जाहीर होते तेव्हा, नियमपत्रक हातात आल्यावर करावी.

आक्रमण चालू असताना शेवटची शिट्टी वाजवणं बरोबर आहे का?

नियमाने बरोबर. वेळ संपला की संपला. ‘शेवटची चाल पूर्ण होऊ द्या’ असं कुठेही लिहिलेलं नाही.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण १९७८ च्या विश्वचषकातलं आहे. अर्जेंटिनातल्या मार देल प्लाता इथे ब्राझील आणि स्वीडन १-१ बरोबरीत होते. ब्राझीलला शेवटच्या क्षणी कॉर्नर मिळाला, नेलिन्योने तो घेतला, झिकोने डोक्याने चेंडू जाळ्यात घातला. पण वेल्सचे रेफरी क्लाइव्ह थॉमस यांनी चेंडू हवेत असतानाच शिट्टी वाजवली होती. गोल नाही. ब्राझीलचे खेळाडू त्यांच्याभोवती जमले, पण निर्णय बदलला नाही.

नियमाचा कीस काढला तर थॉमस बरोबर. तरीही कॉर्नर घेऊ द्यायचा आणि चेंडू हवेत असताना शिट्टी वाजवायची, हे मुलांच्या सामन्यात तरी कुणी करू नये. वेळ संपला असेल तर कॉर्नर घेण्याआधीच शिट्टी द्या. नाही तर चेंडू गोलपासून दूर गेल्यावर द्या. दोन्ही गोलांपासून लांब, चेंडू मधल्या पट्ट्यात असताना संपवलेल्या सामन्याबद्दल सहसा कुणी वाद घालत नाही.

पेनल्टी मिळाली आणि वेळ संपला तर?

पेनल्टी घेतली जातेच. हाफचा वेळ त्यासाठी वाढवावा लागतो. मात्र अशा वेळी चेंडू गोलकीपरने किंवा खांबाने परतवला तर धावत येऊन पुन्हा मारण्याची संधी मिळत नाही. किक पूर्ण झाली की हाफ संपला. हे दोन्ही संघांना आधी सांगून ठेवावं.

लाइन्समन वेळ मोजतात का?

प्रशिक्षित सहायक रेफरी असतील तर हो. सामन्याआधी तिघं एकत्र बसून ठरवतात: तिघांचीही घड्याळं एकदम सुरू होतील, आणि शेवटच्या काही मिनिटांत रेफरीने नजर टाकली की सहायक बोटांनी किंवा मुठीने आधी ठरलेली खूण करेल. ती खूण प्रेक्षकांसाठी नसते, म्हणून बहुधा अंगालगत, हळूच केलेली असते.

शाळांच्या सामन्यात मात्र बऱ्याचदा दोन्ही संघांचा एकेक राखीव खेळाडू झेंडा घेऊन उभा राहतो. त्याच्याकडून चेंडू बाहेर गेला की नाही एवढीच अपेक्षा ठेवावी. वेळ विचारू नये. तो बिचारा आपल्या संघाचाच आहे.

रेफरीने चुकून हाफ लवकर संपवला तर?

लगेच लक्षात आलं तर मुलांना परत बोलावून उरलेला वेळ खेळवता येतो. जे करता येत नाही ते असं: पहिल्या हाफमध्ये दोन मिनिटं कमी झाली म्हणून दुसरा हाफ दोन मिनिटांनी वाढवणं. नियम याला स्पष्ट मनाई करतो. आपल्याकडे ‘सर, सेकंड हाफमध्ये भरून काढा’ अशी तडजोड कोचच सुचवतात, ती नाकारावी.

मोठ्या स्तरावरही हे घडतं. जानेवारी २०२२ मध्ये आफ्रिका चषकात, कॅमेरूनमधल्या लिंबे इथे, ट्युनिशिया विरुद्ध माली सामन्यात रेफरी जॅनी सिकाझ्वे यांनी आधी ८५ व्या मिनिटाच्या सुमारास शिट्टी वाजवली, मग खेळ सुरू केला आणि ९० मिनिटं पूर्ण व्हायच्या काही सेकंद आधी सामना संपवला. माली १-० ने पुढे होता. नंतर संघांना परत बोलावलं, पण ट्युनिशियाने खेळायला नकार दिला आणि निकाल तसाच राहिला. सिकाझ्वे यांना उष्माघाताचा त्रास झाला होता, असं पुढे समोर आलं. आपल्याकडे एकच रेफरी भर दुपारी ओळीने तीन-चार सामने घेतो, हे आयोजकांनी यावरून लक्षात घ्यावं.

उन्हाळ्यात पाण्यासाठी खेळ थांबवतात, तो वेळ जातो का?

नाही, भरून दिला जातो. दोन प्रकार आहेत. फक्त पाणी प्यायची विश्रांती एका मिनिटाहून जास्त नसावी. अंग थंड करण्यासाठीची विश्रांती दीड ते तीन मिनिटांची असते. रनिंग टाइमच्या स्पर्धेत याचा उल्लेख नियमपत्रकात आहे का ते आधीच पाहा. नसेल तर एप्रिल-मेमध्ये तो घालायला लावा.

मध्यंतर किती?

जास्तीत जास्त १५ मिनिटं. मुलांच्या स्पर्धांत साधारणपणे पाच ते दहा.

वीज कडाडली, मुसळधार पाऊस आला किंवा अंधार पडला तर?

विजेच्या बाबतीत घड्याळाचा विचार करायचाच नाही. खेळ थांबवा, मुलांना उघड्यावरून आणि झाडाखालून हलवा. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबण्याचा संकेत पुष्कळ ठिकाणी पाळतात. सामना कितव्या मिनिटाला आणि कुठल्या स्थितीत थांबला हे रेफरी वहीत लिहितो: ‘दुसरा हाफ, १४ मिनिटं, थ्रो-इन, निळे’. पुन्हा सुरू झाला तर तिथूनच.

सामना सोडूनच द्यावा लागला तर मूळ नियम पुन्हा नव्याने खेळवण्याचा आहे, पण स्पर्धेने वेगळं ठरवलेलं असेल तर ते चालतं. अनेक स्पर्धा ठरावीक भाग खेळून झाला असल्यास निकाल कायम ठेवतात.

अंधाराचं वेगळं आहे, कारण तो अचानक येत नाही. सामना उशिरा सुरू होतोय आणि दिवे नाहीत, हे दिसत असेल तर हाफ छोटे करता येतात. पण सामना सुरू होण्याआधी, दोन्ही संघांच्या संमतीने आणि स्पर्धेच्या नियमात बसत असेल तरच. मध्यंतरात ‘आता दहाच मिनिटं खेळू’ असं ठरवता येत नाही.

समोरचा संघ मुद्दाम वेळ काढतोय. रेफरी काही करत का नाही?

करतो, पण ते तुम्हाला दिसेलच असं नाही. पहिलं म्हणजे दुसरं घड्याळ थांबवतो. काही रेफरी ते मुद्दाम हात वर करून, मनगटाकडे बोट दाखवत करतात. रेंगाळून फायदा नाही एवढं त्यातून मुलांना कळतं, आणि बहुतेक वेळा तेवढं पुरतं. त्यानंतर समज, आणि मग खेळ सुरू व्हायला उशीर केल्याबद्दल पिवळं कार्ड.

गोलकीपरसाठी नियम बदलला आहे. पूर्वी चेंडू हातात सहा सेकंदांहून जास्त ठेवला तर इनडायरेक्ट फ्री-किक (जिच्यातून थेट गोल करता येत नाही) होती, आणि ती क्वचितच कुणी द्यायचं. २०२५-२६ च्या नियमावलीपासून मर्यादा आठ सेकंदांची झाली आहे, पण ती ओलांडली तर समोरच्या संघाला कॉर्नर मिळतो. शेवटचे पाच सेकंद रेफरी हात उंच करून बोटांनी मोजून दाखवतो. ही मोजणी मनगटावरच्या घड्याळावर होत नाही, मनात होते. लहान गोलकीपरच्या बाबतीत पहिल्यांदा ‘सोड आता’ असा आवाज द्यावा, असं मला वाटतं. दहा वर्षांचं पोर चेंडू धरून उभं राहतं ते डाव खेळत नसतं. कुणाला द्यावा हे त्याला सुचत नसतं.

आणि पालकांना एक विनंती: आपला संघ पुढे असताना ‘बाहेर मार, लांब मार’ असं ओरडायचं आणि मागे असताना रेफरीला घड्याळ दाखवायचं, हे एकाच दुपारी करू नका.

काही मिनिटांसाठी खेळाडूला बाहेर बसवतात, त्याची मोजणी कशी?

यासाठी स्पर्धेने ‘सिन बिन’ स्वीकारलेली असावी लागते. मुलांच्या आणि स्थानिक फुटबॉलमध्ये तशी परवानगी आहे. शिक्षेचा काळ सामन्याच्या एकूण वेळेच्या १० ते १५ टक्के: ९० मिनिटांच्या सामन्यात १० मिनिटं, ८० च्या सामन्यात ८. मुलगा बाहेर गेल्यावर खेळ पुन्हा सुरू होतो, त्या क्षणापासून मोजायचं. मधे कुणाला लागलं आणि खेळ थांबला तर तो वेळ शिक्षेतून वजा होत नाही, शिक्षाही तेवढी लांबते. एकट्या रेफरीला दोन घड्याळांवर हे तिसरं गणित जड जातं. टेबलावर कुणी जबाबदार माणूस नसेल तर स्पर्धेने सिन बिनच्या फंदात पडू नये.

इंज्युरी टाइम आणि एक्स्ट्रा टाइम एकच का?

नाही. इंज्युरी टाइम म्हणजे वाया गेलेल्या वेळेची भरपाई, प्रत्येक हाफच्या शेवटी. एक्स्ट्रा टाइम म्हणजे बाद फेरीत बरोबरी झाल्यावर खेळायचे दोन नवे छोटे हाफ. तेही स्पर्धेने ठेवले असतील तर. मुलांच्या बऱ्याच स्पर्धा सरळ पेनल्टीवर जातात. २०१७ मध्ये भारतात झालेल्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकातही तसंच होतं: कोलकात्यात इंग्लंड-जपान ९० मिनिटांनंतर ०-० होते, लगेच पेनल्टी झाल्या आणि इंग्लंड ५-३ ने जिंकलं.

आमची भाची अमेरिकेत हायस्कूलकडून खेळते. तिथे स्कोअरबोर्डवरचं घड्याळ उलटं पळतं आणि गोल झाला की थांबतं. तो वेगळा खेळ आहे का?

खेळ तोच, नियमावली वेगळी. तिथल्या हायस्कूल सामन्यांत ४०-४० मिनिटांचे हाफ असतात, घड्याळ शून्याकडे जातं आणि गोल, पेनल्टी किंवा कार्डाच्या वेळी अधिकृतपणे थांबतं. शून्य दिसलं की हाफ संपला. त्यामुळे टचलाइनवरच्या सगळ्यांना नेमका उरलेला वेळ दिसत राहतो. तीच मुलगी शनिवार-रविवारी क्लबकडून खेळते तेव्हा मात्र सहसा वेळ पुन्हा रेफरीच्या मनगटावर येतो.

टर्फवर आमची मुलं पाच-पाच जण खेळतात. तिथे कसं?

खऱ्या फुटसालमध्ये, म्हणजे पाच-पाच जणांच्या अधिकृत फुटबॉलमध्ये, २०-२० मिनिटांचे हाफ असतात, चेंडू बाहेर गेला की घड्याळ थांबतं, आणि त्यासाठी टेबलावर वेगळा टाइमकीपर बसतो. आपल्याकडच्या टर्फवरच्या स्पर्धा दिसायला तशा असल्या तरी बहुतेक रनिंग टाइमवर चालतात, कारण टर्फ तासाच्या भाड्याने घेतलेलं असतं.

रेफरीला ‘किती राहिलं?’ विचारलं तर चालतं का?

कॅप्टनने किंवा कोचने खेळ थांबलेला असताना, नीट विचारलं तर चालतं. बहुतेक रेफरी सांगतात. दर मिनिटाला चहूबाजूंनी आरोळ्या यायला लागल्या की सांगायचं बंद करतात.

नवीन रेफरी आहे. कोणतं घड्याळ घेऊ?

महागडं नको. स्टॉपवॉचची बटणं न बघता दाबता आली पाहिजेत, आकडे मोठे हवेत, आणि पावसात भिजलं तरी चालायला हवं. पुष्कळ जण कॅसिओचं साधं डिजिटल घड्याळ वापरतात. मात्र एफ-९१डब्ल्यूसारख्या जुन्या मॉडेलचं स्टॉपवॉच एका तासानंतर पुन्हा शून्यावर येतं आणि त्यात उलटी मोजणी नाही. म्हणून ते प्रत्येक हाफला नव्याने सुरू करा. खास रेफरींसाठी बनवलेली घड्याळं, उदाहरणार्थ स्पिंट्सो, चालू वेळ आणि थांबलेला वेळ एकाच पडद्यावर दाखवतात आणि ठरावीक वेळी मनगटावर थरथरतात. वर्षभर सामने घेणार असाल तरच तो खर्च करा.

स्मार्टवॉचची ॲप्स चांगली आहेत, पण जूनच्या पावसात ओल्या पडद्यावर थेंबच बटणं दाबतात. वापरायचंच असेल तर टच बंद करून बाजूची बटणं वापरा, आणि दुसऱ्या मनगटावर साधं घड्याळ असू द्या. सामन्याच्या आदल्या रात्री चार्जिंग बघा, आणि खिशात पेन्सिल ठेवा. भिजलेल्या कागदावर बॉलपेन उमटत नाही.